३८९ डिरेक्टरी सर्व्हरचा ॲक्सेस लॉग: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

एका शिक्षणसंस्थेचा डिरेक्टरी सर्व्हर (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड ठेवणारा सर्व्हर) मी काही काळ सांभाळत होतो. तिथल्या एका प्राध्यापिकाबाईंचं खातं दर सोमवारी सकाळी लॉक व्हायचं. त्या बिचाऱ्या दोन-तीन दिवस वाट बघून गुरुवारी तक्रार करायच्या, कारण सोमवार ते बुधवार त्यांची तासांची गडबड. मी गुरुवारी ॲक्सेस लॉग, म्हणजे सर्व्हरकडे कोण आलं आणि काय मागितलं याची नोंदवही, उघडायचो, तर त्यात मंगळवार दुपारच्या आधीचं काहीच नसायचं. सर्व्हरने सगळं इमानेइतबारे लिहिलं होतं, आणि जागा संपत आली म्हणून तितक्याच इमानाने पुसूनही टाकलं होतं. बसवल्या दिवशी जी सेटिंग होती तीच चालू होती. कोणी बघितलीच नव्हती. मीही नाही.

म्हणून हा लेख. ॲक्सेस लॉगची सेटिंग करायला बसण्याआधी दोनच गोष्टी ठरवायच्या असतात: उद्या कोणी काय विचारेल, आणि किती दिवसांपूर्वीचं विचारेल. बाकी सगळे आकडे त्यातून निघतात.

मी इथे ३८९ डिरेक्टरी सर्व्हर धरून लिहितोय. फ्रीआयपीए (लिनक्सवर सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणारी प्रणाली) बसवलं असेल तर तुमच्याकडे तो आहेच, कारण फ्रीआयपीएच्या पोटात हाच सर्व्हर चालतो. रेड हॅट डिरेक्टरी सर्व्हर वापरत असाल तर तोही याच घरातला. नावातला ३८९ म्हणजे एलडॅपचा, डिरेक्टरीशी बोलायच्या भाषेचा, ठरलेला पोर्ट.

नावं आणि अक्षरं

या सर्व्हरच्या सेटिंगची नावं बघून नवीन माणूस दचकतो. जवळपास प्रत्येक नाव ‘एनएसस्लॅपडी’ने सुरू होतं. त्यामागे इतिहास आहे. मिशिगन विद्यापीठात ‘स्लॅपडी’ नावाचा एलडॅप सर्व्हर लिहिला गेला, नेटस्केपने १९९०च्या दशकात त्या परंपरेतून आपला डिरेक्टरी सर्व्हर काढला, २००४मध्ये रेड हॅटने तो विकत घेतला, २००५मध्ये तो फेडोरा डिरेक्टरी सर्व्हर म्हणून खुला झाला आणि २००९मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. मालक बदलले, पाटी बदलली, पण सेटिंगच्या नावातलं नेटस्केपचं ‘एनएस’ तसंच राहिलं. गावाचं नाव बदललं तरी सातबाऱ्यावर जुनं नाव दिसावं, तसं.

या लेखात कमांड आणि सेटिंगची नावं मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरं लागतील. स्पेलिंग पाठ करायची गरज नाही. पहिल्याच पायरीत सगळी नावं स्क्रीनवर येतील, तिथून कॉपी करा. मीही अजून तेच करतो.

आधी बघा, मग हात लावा

सर्व्हर असलेल्या मशीनवर रूट म्हणून लॉगिन करा. एका मशीनवर डिरेक्टरीचे एकापेक्षा जास्त इन्स्टन्स (स्वतंत्रपणे चालणारे सर्व्हर) असू शकतात, म्हणून पहिल्यांदा यादी काढा:

डीएससीटीएल --लिस्ट

समजा उत्तरात ‘स्लॅपडी-कॉलेज’ आलं, तर तुमच्या इन्स्टन्सचं नाव ‘कॉलेज’. आता चालू सेटिंग काढा:

डीएसकॉन्फ कॉलेज कॉन्फिग गेट | ग्रेप ॲक्सेसलॉग

‘गेट’नंतर एखाद्या सेटिंगचं नाव दिलं तर तेवढीच किंमत येते, काहीच दिलं नाही तर सगळी कुंडली येते. त्यातल्या ‘ॲक्सेसलॉग’ शब्द असलेल्या ओळी ग्रेपने गाळून घेतल्या. हे सगळं एका फाइलमध्ये साठवून ठेवा, तारीख घालून. उद्या काही बिघडलं तर पूर्वी काय होतं ते सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो.

दुसऱ्या मशीनवरून काम करत असाल तर डीएसकॉन्फला इन्स्टन्सच्या नावाऐवजी सर्व्हरचा एलडॅप पत्ता आणि ‘डिरेक्टरी मॅनेजर’ या मुख्य खात्याचं डीएन (डिरेक्टरीतलं पूर्ण नाव) द्यावं लागतं, मग तो पासवर्ड विचारतो. माऊसने काम करायला आवडत असेल तर कॉकपिट या ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायच्या साधनात या सर्व्हरचा भाग जोडता येतो. लॉगची हीच सेटिंग तिथे खिडकीत दिसते. पण तीन-चार सर्व्हर असतील तर टर्मिनलच बरं पडतं.

एक गोष्ट मात्र करू नका. सगळी सेटिंग शेवटी /ईटीसी/डर्सर्व्ह/स्लॅपडी-कॉलेज या फोल्डरमधल्या ‘डीएसई.एलडिफ’ फाइलमध्ये जाऊन बसते हे कळलं, की हात शिवशिवतात. सर्व्हर चालू असताना ती फाइल एडिटरने बदलली तर सर्व्हर बंद होताना स्वतःच्या डोक्यातलं पुन्हा तिच्यात लिहितो, आणि तुमचा बदल वाहून जातो. तिथे हात घालायचाच असेल तर आधी सर्व्हर थांबवा. डीएसकॉन्फने केलेले लॉगचे बदल मात्र लगेच लागू होतात, रिस्टार्ट लागत नाही.

लॉगची एक ओळ वाचता आली पाहिजे

सेटिंगकडे वळण्याआधी लॉग उघडाच. तो /व्हार/लॉग/डर्सर्व्ह/स्लॅपडी-कॉलेज या फोल्डरमध्ये ‘ॲक्सेस’ नावाने असतो. शेजारी ‘एरर्स’ आणि ‘ऑडिट’ या फाइलीही दिसतील, त्यांच्याकडे आत्ता बघू नका. प्राध्यापिकाबाईंच्या प्रकरणात शेवटी सापडलेल्या ओळी साधारण अशा होत्या (पत्ते आणि नाव बदलून):

[१८/ऑगस्ट/२०२५:०९:०२:१४ +०५३०] कॉन=४१२ एफडी=९१ स्लॉट=९१ कनेक्शन फ्रॉम १९२.०.२.४५ टू १९२.०.२.१०
[१८/ऑगस्ट/२०२५:०९:०२:१४ +०५३०] कॉन=४१२ ऑप=० बाइंड डीएन="यूआयडी=प्राध्यापिका,..." मेथड=१२८ व्हर्जन=३
[१८/ऑगस्ट/२०२५:०९:०२:१४ +०५३०] कॉन=४१२ ऑप=० रिझल्ट ईआरआर=४९ टॅग=९७ एनएंट्रीज=० ईटाइम=०.००२

प्रत्यक्षात वेळेत सेकंदाच्या पुढचे नऊ अंकही असतात, वाचायला सोपं जावं म्हणून मी ते उडवलेत.

पहिल्या ओळीत कुठून आलं ते कळतं, पण का आलं ते कळत नाही. दुसऱ्या ओळीत कोणाच्या नावाने आलं ते कळतं (बाइंड म्हणजे ओळख पटवून आत येणं), पण कुठून ते नाही. तिसरीत निकाल आहे, आणि त्यात ना नाव ना पत्ता. तिन्ही ओळींना बांधणारा धागा म्हणजे ‘कॉन’चा नंबर. एका जोडणीचा एक नंबर, आणि त्या जोडणीवर झालेल्या प्रत्येक कामाचा ‘ऑप’ नंबर, शून्यापासून. नवखा माणूस ‘ईआरआर=४९’ शोधतो, ओळी सापडतात, आणि त्यात आयपी नाही म्हणून हताश होतो. आयपी असतो, पण वर, त्याच कॉन नंबरच्या पहिल्या ओळीत. कधी दोन ओळी वर, कधी दोन फाइली मागे, कारण काही ॲप्लिकेशन एकच जोडणी दिवसेंदिवस उघडी ठेवतात.

४९ म्हणजे ओळख पटली नाही, बहुधा पासवर्ड चुकला. ० म्हणजे सुरळीत. ३२ म्हणजे मागितलेली नोंद डिरेक्टरीच्या झाडात (नोंदी एकाखाली एक रचलेल्या असतात) नाहीच. टॅग ९७ हे बाइंडचं उत्तर, १०१ हे शोधाचं. मेथड १२८ म्हणजे साधं नाव-पासवर्ड बाइंड.

१९२.०.२.४५ हा पत्ता निघाला दुसऱ्या मजल्यावरच्या झेरॉक्स-स्कॅनर मशीनचा. बाईंनी कधीकाळी ‘स्कॅन करून मेलवर पाठवा’ची सोय स्वतःच्या खात्याने सुरू करून दिली होती. पुढे पासवर्ड बदलला, मशीनला कोणी सांगितलं नाही. शनिवारी संध्याकाळी शिपाई मशीन बंद करायचा, सोमवारी सकाळी चालू करायचा, आणि सुरू होताच ते जुन्या पासवर्डने डिरेक्टरीचं दार ठोठावत बसायचं.

शोधाच्या ओळीत ‘एसआरसीएच’, मग बेस (शोध कुठून सुरू करायचा), स्कोप (किती खोल जायचं) आणि फिल्टर (शोधायची अट) असतात. स्कोप ० म्हणजे फक्त तीच नोंद, १ म्हणजे एक पायरी खाली, २ म्हणजे खालचं सगळं झाड. तिच्या निकालात ‘नोट्स=ए’ दिसलं, तर फिल्टरमधल्या कशालाच इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नव्हता आणि सर्व्हरने पानन्‌पान चाळलं. ‘नोट्स=यू’ हे त्याचं सौम्य रूप. ‘सर्व्हर स्लो झालाय’ अशी ओरड आली की मी पहिल्यांदा हेच शोधतो. ईटाइम म्हणजे कामाला लागलेला एकूण वेळ, सेकंदांत. नव्या आवृत्त्यांत त्याची फोड करून डब्ल्यूटाइम आणि ऑपटाइम असे दोन आकडेही येतात. पहिला रांगेत ताटकळल्याचा, दुसरा प्रत्यक्ष कामाचा. डब्ल्यूटाइम मोठा असेल तर त्या एका शोधाला दोष देऊन उपयोग नाही, सर्व्हरवरच गर्दी आहे.

आणखी एक. मध्ये लोड बॅलन्सर (येणारं काम अनेक सर्व्हरमध्ये वाटून देणारा) असेल तर ‘फ्रॉम’मध्ये बहुधा त्याचाच पत्ता दिसेल, मूळ मशीनचा नाही. अशा ठिकाणी बॅलन्सरचा लॉगही तितकेच दिवस ठेवा, नाहीतर अर्धीच गोष्ट हाती लागते.

किती तपशील लिहायचा

हे ठरवणारी सेटिंग म्हणजे एनएसस्लॅपडी-ॲक्सेसलॉग-लेव्हल. तिची मूळ किंमत २५६ असते: जोडण्या, कामं आणि त्यांचे निकाल. वर दाखवलेलं सगळं २५६मध्येच येतं, आणि शंभरातल्या नव्वद प्रश्नांना ते पुरतं.

४ ही किंमत सर्व्हरच्या अंतर्गत कामांसाठी. म्हणजे एखादा प्लगइन (सर्व्हरला जोडलेला जादा भाग) सर्व्हरच्या आतल्या आत जे शोध आणि बदल करतो, ते. प्लगइनची कामं दिसायला एनएसस्लॅपडी-प्लगइन-लॉगिंग ही वेगळी सेटिंगही ‘ऑन’ करावी लागते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ५१२ लावलं तर परत दिलेल्या प्रत्येक नोंदीची वेगळी ओळ येते. एका शोधात पाच हजार नोंदी परत गेल्या तर पाच हजार ओळी. ० म्हणजे काहीच नको.

हे आकडे एकमेकांत मिळवायचे असतात. नेहमीचं आणि अंतर्गत असं दोन्ही हवं तर २५६ + ४ = २६०:

डीएसकॉन्फ कॉलेज कॉन्फिग रिप्लेस एनएसस्लॅपडी-ॲक्सेसलॉग-लेव्हल=२६०

नुसतं ४ लिहिलं तर नेहमीच्या ओळी बंद होतात आणि फक्त अंतर्गत उरतात. ही चूक मी एकदा केली आहे आणि दोघांना करताना पाहिलं आहे.

माझं मत विचाराल तर कायमस्वरूपी २५६ ठेवा. बाकीचे आकडे तापाच्या गोळ्यांसारखे, गरज पडेल तेव्हा तासाभरापुरते. आणि लावताना मोबाइलवर अलार्म लावा, कारण ५१२ लावून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी भरलेली डिस्क बघतो.

लॉग चालू-बंद करणारी सेटिंग वेगळी आहे, एनएसस्लॅपडी-ॲक्सेसलॉग-लॉगिंग-एनेबल्ड. वेग वाढेल म्हणून काही जण ती ‘ऑफ’ करतात. ज्या दिवशी घोटाळा होतो त्या दिवशी त्यांच्याकडे वेगवान सर्व्हर असतो आणि पुरावा नसतो.

ॲक्सेस लॉगकडून एक अपेक्षा ठेवू नका. कोणीतरी एखाद्याच्या नोंदीत बदल केला, हे ‘एमओडी’च्या ओळीतून कळेल. मोबाइल नंबर बदलला की आणखी काही, आणि नवा नंबर कोणता, हे कळणार नाही. ते काम ऑडिट लॉगचं, आणि तो मुळात बंद असतो.

लॉग उशिरा का दिसतो

लॉगमध्ये येणाऱ्या नव्या ओळी बघायला टेल -एफ लावून बसलात, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन केलं, आणि लॉगमध्ये ढिम्म काही हललं नाही. घाबरू नका. एनएसस्लॅपडी-ॲक्सेसलॉग-लॉगबफरिंग मुळात ‘ऑन’ असतं. सर्व्हर प्रत्येक ओळीसाठी डिस्ककडे धावत नाही, ओळी मेमरीत साठवतो आणि एकदम ओततो. गर्दीच्या सर्व्हरवर हे जाणवतही नाही. नव्या, रिकाम्या सर्व्हरवर चाचणी करताना मात्र हमखास फसवतं.

चाचणीपुरतं ते ‘ऑफ’ करा, काम झालं की ‘ऑन’. कायम ‘ऑफ’ ठेवलं तर प्रत्येक ओळीला डिस्कवर लिहिण्याचा भार पडतो. उलट बाजूही सांगतो: सर्व्हर एकाएकी कोसळला तर बफरमधल्या शेवटच्या ओळी जातात. बहुतेक ठिकाणी हा सौदा परवडतो.

फाइल कधी बदलायची, कधी पुसायची

इथे थोडं थांबून हिशोब करू या, कारण माझा गुरुवारचा घोटाळा इथलाच होता.

सर्व्हर स्वतःच लॉगची फाइल बदलतो. ‘ॲक्सेस’ ही चालू फाइल. वेळ झाली की तिच्या नावापुढे तारीख आणि वेळ लागून ती बाजूला होते आणि नवी कोरी ‘ॲक्सेस’ सुरू होते. फाइल बदलण्याची दोन कारणं असतात: आकार (मॅक्सलॉगसाइज, एमबीमध्ये) किंवा वेळ (लॉगरोटेशनटाइम आणि त्याचं एकक लॉगरोटेशनटाइमयुनिट). जे आधी होईल ते. (अशा नावांच्या आधी एनएसस्लॅपडी-ॲक्सेसलॉग- लागतं, मी आखूड लिहितोय.)

जुन्या फाइली पुसण्याची कारणं मात्र चार आहेत. फाइलींची संख्या मॅक्सलॉग्जपरडिरच्या पुढे गेली. सगळ्यांची मिळून जागा लॉगमॅक्सडिस्कस्पेसच्या पुढे गेली. डिस्कवर मोकळी जागा लॉगमिनफ्रीडिस्कस्पेसपेक्षा कमी उरली. किंवा फाइलचं वय लॉगएक्स्पायरेशनटाइमच्या पलीकडे गेलं. या चौघांपैकी ज्याचा हात आधी पोचेल तो सर्वांत जुनी फाइल उचलतो. बाकीच्या तिघांना विचारत नाही.

समजा तुमच्याकडे आकार १०० एमबी, संख्या १० आणि एकूण जागा ५०० एमबी असं आहे. माणूस म्हणतो, दहा फाइली गुणिले शंभर, म्हणजे हजार एमबी लॉग राहील. राहणार नाही. ५०० झाले की पुसणं सुरू. दहाचा आकडा नुसता शोभेचा. आणि रोज १५० एमबी लॉग होत असेल तर ५०० एमबी म्हणजे सव्वातीन दिवस. माझे गुरुवारचे प्रश्न सोमवारपर्यंत का पोचत नव्हते ते आता दिसलं असेल.

म्हणून आधी तुमचा रोजचा लॉग किती होतो ते मोजा. लॉगच्या फोल्डरमध्ये एलएस -एल करा, फाइलींच्या नावातल्या तारखा बघा, बेरीज करा. एक दिवस नको, निदान आठवडा बघा. कॉलेज असेल तर प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या काळातला बघा. सुट्टीतल्या आकड्यावर डिस्क घेतली तर जूनमध्ये पस्तावाल.

आता किती दिवस ठेवायचा? भारतातल्या संस्थांना इथे स्वतःचं मत चालवायला फारसा वाव नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवणारे, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग सुरू ठेवून मागचे १८० दिवस सुरक्षित जपायचे आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचीही आहे. ६ तासांत काय झालं ते सांगायचं, आणि हातात सव्वातीन दिवसांचा लॉग!

रोज १५० एमबी धरला तर १८० दिवसांचे २७,००० एमबी, म्हणजे सुमारे २७ जीबी. आजच्या डिस्कच्या भावात हे काहीच नाही. थोडी सैल जागा ठेवून मी असं लावतो: एकूण जागा ४०,००० एमबी, एका फाइलचा कमाल आकार ५०० एमबी, फाइलींची संख्या २५०, वय १९० दिवस.

फाइल रोज मध्यरात्री बदलावी म्हणून लॉगरोटेशनटाइम १, एकक ‘डे’, आणि लॉगरोटेशनसिंक-एनेबल्ड ‘ऑन’, तास ०, मिनिट ०. हा सिंक लावला नाही तर फाइल ज्या वेळी सुरू झाली तिथून दिवस मोजला जातो, आणि तुमच्या फाइली दुपारी ३ वाजून १७ मिनिटांनी बदलत राहतात. सिंक लावला की एक दिवस, एक फाइल. ‘सोमवारचं काय ते द्या’ म्हणून कोणी आलं की सोमवारची फाइल उचलून देता येते. ५०० एमबीचा आकडा नेहमीच्या दिवशी लागूच होत नाही. एखाद्या दिवशी कुठलं ॲप्लिकेशन पिसाळलं तर लगाम म्हणून तो आहे.

क्रम महत्त्वाचा. आधी एकूण जागा वाढवा, मग फाइलचा आकार. उलट केलं आणि फाइलचा आकार एकूण जागेपेक्षा मोठा झाला, तर सर्व्हर ती किंमत नाकारेल:

डीएसकॉन्फ कॉलेज कॉन्फिग रिप्लेस एनएसस्लॅपडी-ॲक्सेसलॉग-लॉगमॅक्सडिस्कस्पेस=४००००
डीएसकॉन्फ कॉलेज कॉन्फिग रिप्लेस एनएसस्लॅपडी-ॲक्सेसलॉग-मॅक्सलॉग्जपरडिर=२५०
डीएसकॉन्फ कॉलेज कॉन्फिग रिप्लेस एनएसस्लॅपडी-ॲक्सेसलॉग-मॅक्सलॉगसाइज=५००

बाकीच्याही याच चालीवर. आकड्यांत स्वल्पविराम घालायचा नाही, अर्थातच.

फाइलींची संख्या १ ठेवू नका. १ ठेवली की फाइल बदलणंच थांबतं, आकाराची मर्यादा दुर्लक्षित होते आणि एकच फाइल फुगत राहते. किमती कमी करतानाही जपून. एकूण जागा ४०,०००वरून ४,००० केली की जुन्या फाइली जातात, ‘खरंच पुसू का?’ असं कोणी विचारत नाही.

लिनक्सचा लॉगरोटेट (तोही जुने लॉग बदलतो आणि पुसतो) याच फाइलींवर लावलेला नाही ना, तेही बघा. घरात दोन जणांनी स्वतंत्रपणे रद्दी विकायला सुरुवात केली की जे होतं तेच इथे होतं. आणि जागा भरली म्हणून चालू ‘ॲक्सेस’ फाइल हाताने आरएम करू (पुसू) नका. सर्व्हरने ती उघडी धरलेली असते. नाव दिसेनासं होतं, जागा मात्र सुटत नाही.

नव्या आवृत्त्यांत एनएसस्लॅपडी-ॲक्सेसलॉग-कॉम्प्रेस अशी सेटिंग आहे. ‘ऑन’ केली की बाजूला झालेल्या फाइली जीझिपने आवळून ठेवल्या जातात. लॉगमध्ये तेच तेच शब्द असल्याने तो छान आवळला जातो. मग शोधताना ग्रेपऐवजी झेडग्रेप.

लॉग दुसऱ्या डिस्कवर न्यायचा असेल तर

२७ जीबी लॉग मुळातल्या /व्हारमध्ये ठेवणं मला आवडत नाही. वेगळं पार्टिशन घ्या. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ते लॉगच्या जुन्याच फोल्डरवर माउंट करणं, मग सेटिंगला हात लावावा लागत नाही. तसं जमत नसेल तर एनएसस्लॅपडी-ॲक्सेसलॉगमध्ये नवीन फाइलचा पूर्ण मार्ग द्या. त्याआधी ते फोल्डर तयार करा, ‘डर्सर्व्ह’ युजरच्या मालकीचं करा, आणि एसईलिनक्स (लिनक्सचा जादा सुरक्षा पहारा) चालू असेल तर सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने त्याला ‘डर्सर्व्ह_व्हार_लॉग_टी’ हा टाइप देऊन रिस्टोरकॉन चालवा. हे शेवटचं विसरलं की मालकी, परवानगी सगळं बरोबर दिसतं आणि तरी सर्व्हर लिहीत नाही. मग माणूस एसईलिनक्सच बंद करतो. तसं करू नका, दोन कमांडचं काम आहे.

हा लॉग कोणी वाचावा

फाइलची परवानगी ठरवते एनएसस्लॅपडी-ॲक्सेसलॉग-मोड, आणि ती मुळात ६०० असते. म्हणजे फक्त सर्व्हरच्या युजरला वाचता-लिहिता येतं. मॉनिटरिंगवाला ‘जरा ६४४ करून द्या’ म्हणेल, म्हणजे मशीनवरच्या कोणालाही वाचता येईल असं. लगेच देऊ नका.

बाइंडचा पासवर्ड या लॉगमध्ये लिहिला जात नाही. पण फिल्टर लिहिला जातो. पुष्कळ ॲप्लिकेशन आधी ‘यूआयडी=अमुक’ असा शोध घेतात आणि नोंद सापडली की मग बाइंड करतात. घाईत कोणी युजरनेमच्या चौकटीत पासवर्ड टाइप करून एंटर दाबलं, की तो पासवर्ड फिल्टर बनून लॉगमध्ये येऊन बसतो. पुढच्याच मिनिटाला त्याच आयपीवरून खरं युजरनेम येतं. दोन ओळी शेजारी ठेवल्या की झालं. शिवाय फिल्टरमध्ये मोबाइल नंबर, ईमेल असतातच. वाचणारी माणसं कमी ठेवा, आणि खरोखर गरज असलेल्याला गटाने परवानगी द्यायची तर ६४०.

प्रत्येक सर्व्हरवर वेगळं

डिरेक्टरीतला डेटा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर आपोआप जातो, म्हणून सेटिंगही जाईल असं वाटतं. जात नाही. ही सगळी सेटिंग ‘सीएन=कॉन्फिग’खाली असते आणि त्याची प्रतिकृती होत नाही. तीन सर्व्हर असतील तर तीन वेळा लावा. स्क्रिप्ट करा किंवा अँसिबल (अनेक मशीनवर एकच सेटिंग लावणारं साधन) वापरा, पण तिन्हीकडे सारखं ठेवा. प्राध्यापिकाबाईंचं स्कॅनर मशीन नेमकं त्या सर्व्हरशी बोलत होतं ज्याची सेटिंग मी सर्वांत शेवटी बदलली.

घड्याळंही जुळलेली हवीत. तीन सर्व्हरचे लॉग एकत्र लावताना एकाचं घड्याळ चार मिनिटं पुढे असेल तर कार्य आधी आणि कारण नंतर दिसतं. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी घड्याळ लावायला सांगितलं आहे. घड्याळ जुळवणाऱ्या क्रॉनीच्या सेटिंगमध्ये दोन ओळींचं काम.

लागलं का ते तपासा

पहिल्या पायरीतली ‘गेट’ कमांड पुन्हा चालवा आणि साठवून ठेवलेल्या फाइलशी डिफ करा (दोन्हींतला फरक काढा). जे बदलायचं होतं तेवढंच बदललेलं दिसलं पाहिजे. मग मुद्दाम चुकीच्या पासवर्डने एक एलडॅपसर्च करा, बफरिंग आठवणीत ठेवून थोडा धीर धरा, आणि ‘ईआरआर=४९’ शोधा. सापडलं की त्याच्या कॉन नंबरावरून तुमचा स्वतःचा आयपी शोधून काढा. हा सराव शांततेत एकदा केलेला बरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मध्यरात्रीची फाइल बदलली का बघा. आठवड्याने एकूण आकार बघा आणि १५० एमबीचा अंदाज खरा ठरतोय का ते ताडून पाहा.

फाइली साठल्या की हाताने ग्रेप करणं जड जातं. सर्व्हरबरोबरच लॉगकॉन्व्ह नावाची स्क्रिप्ट येते. तिला लॉगच्या फाइली दिल्या की किती जोडण्या, किती चुकलेले बाइंड, कोणते शोध इंडेक्सविना झाले, कोणत्या पत्त्यावरून सर्वाधिक वर्दळ, असा गोषवारा काढून देते. सोमवारी सकाळी चहाबरोबर मी तोच वाचतो.

कॉन नंबराने शोधताना एवढं लक्षात असू द्या की सर्व्हर रिस्टार्ट झाला की हे नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. १८० दिवसांच्या फाइलींत ‘कॉन=४१२’ शोधलं तर जितके रिस्टार्ट तितके वेगवेगळे ४१२ भेटतील. म्हणून आधी तारखेने फाइल निवडा, मग नंबर शोधा. आणि ग्रेप करताना नंबरानंतर एक स्पेस द्या, नाहीतर ४१२५ही त्याच जाळ्यात येतो.